मोसंबी लागली की मुक्काम

माझे सासरे रखमाजी तीर्थपुरीहून सकाळच्या एसटीनं आमच्याकडे परतूरला येतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, असा त्यांच्या घराण्याचा नियम. हा नियम कुणी केला आणि का केला, असं विचारलं तर "आमचे आबा करत नव्हते" एवढंच उत्तर मिळतं. ते येतात, जेवतात, सोप्यात भिंतीला टेकून डुलकी घेतात आणि चार वाजले की टोपी शोधायला लागतात. टोपी डोक्यावरच असते.

माझी बायको संध्या त्यांना दर खेपेला थांबवून बघते. सासूबाई गेल्यापासून तर फारच. "दादा, आजच्या दिवस राहा की," असं ती म्हणते, दादा "येईन की पुन्हा" म्हणतात, ती त्यांना स्टँडवर सोडून येते आणि मग भांडी घासायला बसते. ती भांडी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातात. नियम तिच्या माहेरचा, पण पातेली आपटतात ती माझ्या नावानं, हे लग्न झालेल्या पुरुषाला वेगळं सांगायला नको.

आम्ही घर बांधलं त्या वर्षी मामा (मी त्यांना मामा म्हणतो) एक मोसंबीचं रोप घेऊन आले. त्यांच्या विहिरीचं पाणी आटलं होतं, म्हणून त्यांनी मोसंबीची बाग काढून कापूस लावला होता. बाग काढण्याआधी त्यातल्या सगळ्यात गोड झाडावरून त्यांनी हे एक रोप तयार करून ठेवलं होतं. गुडघ्याएवढं रोप, दोन फुटव्यांचं, बुडाशी बोटभर वर एक गाठ. स्वतःच्या हातानं त्यांनी ते आमच्या दारात लावलं. संध्यानं तीच संधी साधली.

"दादा, आता तुमचं झाडच इथं आलं. आता तरी राहायला या."

मामांनी मातीचे हात झटकले. "याला फळं लागले की येतो. मंग चांगला आठ दिवस राह्यतो."

खरं तर नाही म्हणायची ही एक सभ्य रीत होती. पण मी पडलो विमा एजंट. मला कुणी "अमुक झालं की तमुक देईन" असं म्हटलं की ते टार्गेट होतं. मी तिथल्या तिथं संध्याला म्हणालो, "चार-पाच वर्षं लागतात म्हणे. मी दोन वर्षांत फळ काढून दाखवतो." संध्या माझ्याकडे बघत राहिली. तिला माझा स्वभाव माहीत आहे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी ताटावर बसतो. रेल्वे परतूरला यायच्या दोन स्टेशनं आधी मी दारात जाऊन उभा राहतो. आणि पोटासाठी काय करतो, तर "वीस वर्षं धीर धरा, फळ नक्की मिळेल" असं गावभर सांगत फिरतो. देवाला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी माझी पत्रिका बघावी.

झाड लावलं की माणसाला शेजारी किती आहेत ते कळतं. समोरच्या गिरिजाबाई म्हणाल्या, "ताक वता बुडात. माझ्या कडीपत्त्याला मी ताकच घालते." मी ताक ओतलं. रस्त्यावरची कुत्री रोज सकाळी झाडाच्या दर्शनाला येऊ लागली. शेजारचे अण्णासाहेब हे निवृत्त मंडळ अधिकारी. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या पिकांचे पंचनामे केले होते, त्यामुळे पीक मेल्यावर काय करायचं याची त्यांना सखोल माहिती होती. त्यांनी शेणखत, लेंडीखत आणि दुकानातलं पांढरं खत अशी तिन्ही सुचवली. कोणतं लागू पडेल ते सांगता येईना, म्हणून मी तिन्ही एकदम घातली आणि वर भरपूर पाणी सोडलं.

गाठीतून आलेला फुटवा मलूल झाला. पण गाठीच्या खालून आलेला दुसरा फुटवा असा काही उसळला की बघत राहावं. अण्णासाहेबांनी चष्मा लावून पाहणी केली.

"दोघांचं जमणार न्हाई कल्याणराव. अशक्त काढा, सशक्त ठेवा. निसर्गाचा कायदा हाय."

कायदा म्हटल्यावर मी कात्री आणली आणि अशक्त फुटवा गाठीसकट छाटून टाकला. मग त्या सशक्त झाडाभोवती विटांचा ओटा बांधला, त्यात माती भरली आणि बाहेरून निळ्या फरशा बसवल्या. ओट्यामुळे बूड पार झाकून गेलं. घराला फरशी बसवताना उरलेले तुकडे होते, त्यामुळे एका बाजूला अर्धाच मोर आला, पण एकंदरीत देखणं झालं.

आणि झाड काय वाढलं! पुढच्या वर्षी खिडकीला लागलं, त्याच्या पुढच्या वर्षी गच्चीला. त्याला काटे आले, चांगले बोटाएवढे. गिरिजाबाईंचा पदर फाटला, दूधवाल्याची मोटारसायकल पंक्चर झाली आणि पतंगाच्या दिवसांत गल्लीतले सगळे पतंग आमच्या झाडावर मुक्कामाला आले. मी मात्र फुशारलो होतो. विम्याला नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी झाडापाशी आणून उभं करायचो. "बघा. एवढंसं होतं. धीर धरला. आज काय झालं बघा." त्या झाडाच्या जोरावर मी बऱ्याच लोकांचा विमा उतरवला. ते लोक अजून मला रामराम घालतात, त्यांना पुढचं काही माहीत नाही.

मामा यायचे तेव्हा झाडापाशी थांबायचे. एक पान तोडून चुरायचे, वास घ्यायचे, काट्यावर बोट टेकवायचे. मी आशेनं त्यांच्या तोंडाकडे बघायचो. "वाढलंय बराबर," असं म्हणून ते टोपी शोधायला लागायचे.

दोन वर्षांत फळ काही आलं नाही. पाचव्या वर्षी आलं. फांद्यांवर हिरवी, खडबडीत फळं लोंबायला लागली आणि मग पिवळी झाली. संध्यानं लगेच तीर्थपुरीला फोन लावला. नवी गादी भरून आणली, आतल्या खोलीत खाट टाकली, मामांना रात्री तहान लागते म्हणून उशाशी तांब्या ठेवला. ठरल्या दिवशी मामा एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत धोतर, बंडी आणि गोळ्यांची डबी. ती पिशवी बघून संध्याचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघितलं.

मी गल्लीला बोलावलं होतं. नारळ फोडला. अण्णासाहेबांनी "श्रमाचे फळ" या विषयावर चार शब्द सांगितले, ते चारशे झाले. मग मी पहिलं फळ तोडलं, कापलं आणि सगळ्यांच्या हातावर फोडी ठेवल्या.

त्यानंतरचे चेहरे मी जन्मात विसरणार नाही. अण्णासाहेबांचा एक डोळा मिटला तो उघडेचना. गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी स्वतः फोड तोंडात घातली आणि माझ्या कानातून वाफ निघाली. फक्त मामा शांतपणे पूर्ण फोड चावून खात होते.

"लोणचं झकास होईल," ते म्हणाले.

"जीवनसत्त्व भरपूर असणार," अण्णासाहेब एका डोळ्यानं म्हणाले आणि सगळ्यांना घरची कामं आठवली.

गल्ली पांगल्यावर संध्यानं विचारलं, "दादा, हे काय हाय?"

"जंबेरी हाय बाई. आंबट लिंबाची जात." मामा ओट्यावर बसले. "मोसंबी आपल्या मुळावर जोरात येत न्हाई. म्हणून जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा बांधायचा. म्हणजे मोसंबीच्या काडीवरचा कोंब, सालीसकट. खाली मूळ जंबेरीचं, वर झाड मोसंबीचं. गाठीच्या वरचं आपलं, खालचं काढून टाकायचं. इथं वरचं गेलं न् खालचं राह्यलं."

ही छाटणी कुणी केली ते त्यांनी विचारलं नाही. मी फरशीवरच्या अर्ध्या मोराकडे बघत उभा होतो.

"तुमाला कवा कळलं?" संध्यानं विचारलं.

"दुसऱ्याच वर्षी. काटे बघितल्ते ना."

"मंग बोलला का न्हाई?"

मामा गडबडले. "जावयाला कसं बोलावं? ते हौसेनं लोकायला बोलवून दाखवून राह्यले होते. जावयाला नाव ठिवायचं म्हंजे..." ते थांबले. "म्हणलं, निघंल बी एखाद्या वेळेस गोड."

जंबेरीला गोड फळ लागत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरी ते पिशवी भरून आले होते. ही गोष्ट मला पुढे फार दिवस छळत राहिली.

संध्या मात्र भडकली, आणि गंमत म्हणजे माझ्यावर नाही. "तुमी ह्यांना एकदा बी रागावले न्हाईत दादा. पाव्हणा म्हणून पाटावर बसवून ठिवलं. म्हणून हे असे राह्यले." मग तिचा आवाज उतरला. "जाऊ द्या ते झाड. तुमी राहा. पिशवी आणलीच हाय ना."

"शब्द मोसंबीचा होता," मामा हळूच म्हणाले आणि टोपी शोधायला लागले. त्या संध्याकाळी भांडी घासताना एका कढईचा कान तुटला.

दुसऱ्या दिवशी मी ते झाड तोडायचं ठरवलं. पण झाड लावायला कुणाची परवानगी लागत नाही, तोडायला लागते. कार्यालयाचं नाव सांगत नाही, मला अजून या गावात राहायचं आहे. तिथल्या साहेबांनी अर्ज बघितला.

"झाडाचा प्रकार?"

"जंबेरी."

"ते यादीत न्हाई. लिंबू, मोसंबी, संत्रा यातलं काय ते सांगा."

मी जड मनानं मोसंबी लिहिलं. साहेब म्हणाले, "मंग फळझाड तोडायचं कारण दाखवावं लागंल. मोसंबीला फळ येतंय का?"

"येतं, पण ते मोसंबीचं नसतं."

साहेबांनी माझ्याकडे दयेनं बघितलं आणि पाहणी होईल असं सांगितलं. पाहणी काही होईना. मी आठवड्याला एक चक्कर मारायचो, ते आठवड्याला एक नवं कारण सांगायचे. आयुष्यात एखाद्या कार्यालयाच्या दिरंगाईचे मी आभार मानीन असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

कारण मधल्या काळात मामा आले. झाड तोडायचं ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"तोडता कशाला? अक्कल हाय का? पाच वर्षं मुळ्या खाली गेल्यात. असा दणकट खुंट नव्या रोपाला आणायचा तर पुन्हा पाच वर्षं. कंबरेएवढं ठिवा, वरचं उतरवा. कवळे फुटवे येतील, त्याच्यावर डोळे बांधू."

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी "बसा, घ्या, बरं हाय का" यापलीकडे बोलले नव्हते. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. पण आता माघार नव्हती. "कल्याणराव, आता मी सांगतो तसं करायचं. ते जावाईपण खुंटीला टांगून ठिवा."

अक्कल काढली गेली, तीही संध्यादेखत. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतके दिवस मी त्या घराचा पाहुणा होतो. त्या दिवशी मी पोटच्या पोराएवढा नालायक ठरलो.

झाड कंबरेएवढं उतरवलं, कोवळे फुटवे आले. मोसंबीची काडी कुंभार पिंपळगावच्या भिवाकडे मिळणार होती. मामांनी बाग काढण्याच्या कितीतरी आधी त्याला एक रोप दिलं होतं, ते त्याच्या विहिरीवर फळत होतं. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तडक घरी आणायची, असं मामांनी बजावलं होतं. मी तडकच निघालो. पण वाटेत एका गिऱ्हाइकाचा हप्ता आठवला, तिथं चहा झाला, चहावर भजी झाली आणि गाडीच्या डिक्कीत उन्हानं फडकं कडक वाळलं. त्या काड्यांचा आता फार तर दात घासायला उपयोग झाला असता.

पुन्हा गेलो. या वेळी कुठं थांबलो नाही. मामांचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी करायचं असं ठरलं. फुटव्याच्या सालीवर चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आत डोळा सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. मी घाईनं चीर दिली ती लाकडापर्यंत गेली आणि मामांनी चापट मारली. फुटव्याला नाही, माझ्या हाताला. "हळू! साल हाय ती, पाकीट न्हाई."

बांधून झाल्यावर ते म्हणाले, "आता बघायचं न्हाई. पंधरा-वीस दिवस हात लावायचा न्हाई."

एवढंच माझ्याच्यानं होईना. सकाळी उठलो की मी एक पट्टी जराशी उकलून बघायचो, डोळा जिवंत आहे का. दिसायचा हिरवा. मग परत बांधायचो. संध्याकाळी पुन्हा. माझी काळजी खरी होती, पण त्या कोंबाला काळजी नको होती, अंधार हवा होता. सगळे डोळे काळे पडून गळाले.

मला वाटलं, मामा आता कायमचं सोडून देतील. ते फोनवर म्हणाले, "पुढच्या हंगामाला पुन्हा," आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या हंगामात मी पुन्हा डोळे बांधले. यंदा संध्यानं झाडाभोवती जुनं लुगडं गुंडाळलं, बाळंतिणीच्या खोलीसारखं, आणि वर पिना लावल्या. पिना तिनं मोजून ठेवल्या असणार अशी मला भीती होती. मी रोज त्या लुगड्याभोवती फेऱ्या मारायचो. गिरिजाबाईंना वाटलं नवस बोललोय, त्यांनी एके दिवशी तिथं हळदकुंकू वाहिलं.

आणि नेमका त्याच दिवसांत कार्यालयातून माणसं करवत घेऊन दारात आली. परवानगी मिळाली होती.

"तोडायचं न्हाई आता," मी हात आडवे केले.

"अर्ज तुमचाच हाय. मोसंबीचं झाड, दारातलं."

"तेव्हा ते मोसंबीचं नव्हतं! आता होऊन राह्यलंय!"

त्यांनी लुगडं नेसलेल्या, हळदकुंकू लावलेल्या त्या बुंध्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि एकमेकांकडे बघून आवाज खाली आणला. परवानगी रद्द करायला वेगळा अर्ज लागतो असं सांगून, चहा घेऊन ते गेले. तो अर्ज मी केला. त्यावर अजून पाहणी व्हायची आहे.

दिवस भरल्यावर मामांनी येऊन पिना काढल्या, पट्टी सोडली. चार डोळ्यांपैकी एक हिरवा होता. तांदळाएवढा फुगलेला, टोकाला तुकतुकीत. ज्या झाडाच्या जोरावर मी गावभर धीर विकला होता, ते खोटं होतं. हा एवढासा कोंब खरा होता. त्याच्यासाठी मी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे काही न करणं.

कोंबाची फांदी झाली, फांदीचं झाड झालं. काटे कमी, पान रुंद. मग एका वर्षी त्याला फूल आलं आणि गल्ली वासानं भरली. हरभऱ्याएवढी फळं धरली. संध्या गादी उन्हात घालायला लागली. मामा आले, झाडाभोवती फिरले आणि म्हणाले, "काढून टाका सगळे."

"काय?"

"पहिलं फळ ठिवायचं न्हाई. सांधा अजून कवळा हाय, फांदी मोडंल. यंदा झाडाला खाऊ द्या."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. आता तो नुसता ठेवला तरी थरथरत होता. घाई माझ्या अंगात नव्हतीच तेव्हा, दुसरीच भीती होती. "मामा, एखादं राहू द्या की. एकच."

त्यांना कळलं. ते हसले. "माझ्यापायी व्हय? मी कुठं पळून चाललो का? काढा."

मी एकेक फळ खुडलं. संध्या आत निघून गेली. त्या संध्याकाळी ती मामांना सोडायला स्टँडवर आली नाही, मी गेलो.

गेल्या दिवाळीनंतर मामा पिशवी घेऊन आले. या वेळी मी गल्लीला बोलावलं नव्हतं, नारळ नव्हता, भाषण नव्हतं. एसटी यायच्या आत मी सगळ्यात मोठं फळ तोडून ताटलीत ठेवलं होतं. मामांनी ते दोन्ही हातांत धरून हुंगलं. संध्यानं कापून फोड दिली. त्यांनी ती तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"आपल्याच बागेची हाय," ते म्हणाले. "बिलकुल तीच." डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. मग त्यांनी दुसरी फोड खाल्ली, जीभ टाळ्याला लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"जरा घाई केली तुमी. अजून आठ दिवस झाडावर पायजे होती."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. इतकी वर्षं थांबलो आणि शेवटी मला एसटीचं टायमिंग आडवं आलं! झाडावरून उतरवलेली मोसंबी पुढे पिकत नाही, एवढं आता मलाही माहीत होतं. संध्या ताटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. चार वाजत आले होते.

"झाडावर बाकीच्या हायेत ना?" मामांनी विचारलं.

"हायेत की, दादा."

"मंग यांना हात लावू देऊ नको. आठ दिवस मी बघतो. मी सांगन तवाच तोडायच्या."

असं म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

त्या रात्री जेवणं झाली, ओसरीतला दिवा मालवला, मामा आतल्या खोलीत खाटेवर पडले. मी बराच वेळ कान देऊन बसलो होतो. मोरीत संध्या भांडी घासत होती, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.